वाफ कुठून जाते

“पाणी कुठून आलं ते मला सांगू नका. वाफ कुठून जाते तेवढं दाखवा.”

कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढायच्या आधी आत्याबाई हे म्हणत. यजमान बिचारा थेंब कुठे पडला, बादली कुठे ठेवली ते सांगायला तोंड उघडायचा, आणि हे ऐकून ते तसंच उघडं राहायचं. मग आत्याबाई मान वर करायच्या, नाकपुड्या फुगवायच्या, आणि जुन्या ओळखीच्या बाईला गर्दीत हाक मारावी तशा म्हणायच्या, “आहेस होय गं तू!”

ही ओळखीची बाई म्हणजे बुरशी.

तशा त्या पाववाल्याच्या बायको. नवरा पहाटे भट्टी पेटवायचा आणि दुपारभर घोरायचा. तो घोरत असताना आत्याबाई लोकांच्या माळ्यांवर असत. हे वेड लहानपणापासूनचं. वडील सुतार, भाऊ सुतार, आणि ही काडीसारखी पोर. वाशांच्या सांदीत जिथे बापाचा हात पोचायचा नाही तिथे ती सरपटत जायची, खिळा धरायची, आणि परत येताना सांगायची, आत ओलं आहे. बाप विचारायचा, “हात लावून पाहिलंस?” “नाही. वास आला.” तेव्हापासून बाप तिला घेतल्याशिवाय कुठल्या छतावर चढत नसे. पुढे लग्न झालं, पाव खाऊन खाऊन काडीचा ओंडका झाला, पण माळ्यांची ओढ काही सुटली नाही. एकदा एका मास्तरांच्या माळ्याच्या झडपेत त्या कमरेशी अडकल्या. मास्तर खालून ढकलतायत, वरून ओढायला कुणी नाही. आत्याबाईंनी तशाच अवस्थेत टॉर्च फिरवून माळा तपासून घेतला, काय करायचं ते वरूनच सांगितलं, आणि मग म्हणाल्या, “आता उतरवा मला. घाई नाही. चहा दिलात तर इथेच घेईन.”

तर अशा आत्याबाईंना बोलावणं धाकटीच्या अगदी जिवावर आलं होतं.

धाकटी म्हणजे त्यांच्या भाच्याची बायको. आत्याबाईंचा तो सुतार भाऊ आता नव्हता. त्याचे दोन मुलगे होते. थोरले घरांची छपरं घालत. धाकट्याने बापाच्या घरात लाँड्री काढली होती. त्याला सगळे ‘घडी’ म्हणत, कारण जे हातात येईल त्याची तो घडी करायचा. टॉवेलाची, वर्तमानपत्राची, पुडीच्या कागदाची. बसल्या बसल्या बायकोच्या पदराची सुद्धा. घडीची बायको ती धाकटी. घरात खाली धुणं आणि इस्त्री, मागच्या खोल्यांत बिऱ्हाड, आणि वर, कौलांखालच्या उतरत्या फळ्यांच्या पोटात, लांबच लांब माळा. माळ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोऱ्या. त्या दोऱ्यांवर धाकटीच्या चादरी वाळायच्या. दिवे लावायची वेळ झाली की ती वर जाऊन त्या पांढऱ्या रांगांमधून एक चक्कर मारायची. गालाला थंडगार कापड लागायचं. तिला वाटायचं, आपल्याकडे दुसरं काही नसलं तरी चालेल, हा माळा असावा.

आणि नेमका तोच माळा काळा पडायला लागला होता.

आधी आढ्याजवळ मिरी सांडावी तसे ठिपके दिसले. मग ते ठिपके एकमेकांना भेटले. मग वास. नाक्यावरच्या हॉटेलाच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल सगळं धाकटीकडे यायचं; लाँड्रीचा निम्मा जीव त्यावर होता. एका सकाळी हॉटेलच्या मॅनेजरबाईंनी गठ्ठ्यातली वरची चादर उचलली, नाकाशी नेली, आणि गठ्ठा जसाच्या तसा परत दिला. “याला तळघराचा वास येतोय,” त्या म्हणाल्या. “परत असं झालं तर मला दुसरीकडे बघावं लागेल हं.” बोलण्यात राग नव्हता. राग असता तर धाकटीला बरं वाटलं असतं.

धाकटीने मग तिला येत होतं ते केलं. डाग दिसला की हात ब्लीचच्या डब्याकडे जायचा, ही तिची आयुष्यभराची सवय. ती शिडीवर चढली आणि छताच्या फळ्या चादरीसारख्या धुतल्या. ब्लीच लावलं, पाणी मारलं, पुन्हा ब्लीच. फळ्या इतक्या पांढऱ्या झाल्या की घडीला त्यांची घडी करावीशी वाटली असेल. पण थोडे दिवस गेले आणि बुरशी परत आली, आधीपेक्षा काळी, आधीपेक्षा दाट, माहेरपणाला जाऊन गुटगुटीत होऊन आल्यासारखी.

तेव्हा थोरल्यांना बोलावलं. थोरल्यांच्या मिशा गावात प्रसिद्ध होत्या आणि त्यांचं एक वाक्य त्याहून प्रसिद्ध होतं: “मी घातलेल्या छतातून एक थेंब आत आला, तर मिशी उतरवीन.” हे छत त्यांनीच वडिलांच्या हाताखाली घातलेलं. ते वर गेले, पटकन खाली आले, आणि कुणाकडे न बघता म्हणाले, “फळ्या गेल्या. सगळं छत उतरवायचं, नवीन घालायचं. मी घालून देतो. माझी माणसं, माझं लाकूड. तुम्ही काही बघू नका.”

“आणि लाँड्री?” धाकटीने विचारलं.

“बंद ठेवायची. थंडी सरेपर्यंत.”

“थंडी सरेपर्यंत हॉटेल थांबेल का, भावोजी?”

थोरले मिशीवरून हात फिरवत राहिले. ते एवढे उदार का झालेत हे धाकटीला कळेना. पण एवढं तिला कळलं, की थंडी सरेपर्यंत बंद राहिलेली लाँड्री पुन्हा उघडत नसते. म्हणून जिवावर आलं तरी तिने पाववाल्याच्या घरी निरोप धाडला.

आत्याबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. हातात पिशवी, पिशवीत टॉर्च, जुन्या कापडाचे तुकडे आणि मैद्याची पोती शिवायचं भलंमोठं दाभण. दारातच त्यांनी ते वाक्य म्हटलं. धाकटी काही बोलायच्या आत नाकपुड्या फुगवल्या.

“आहेस होय गं तू! माझ्या भावाच्या घरात शिरलीस होय!”

झडप बघून त्यांनी आधी अंदाज घेतला. “ही रुंद आहे. माझ्याच भावाने केली, मला डोळ्यापुढे ठेवून.” वर गेल्यावर त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग दाभण काढलं आणि एकेका फळीला टोचत निघाल्या, डॉक्टरने पोट दाबून बघावं तशा. इथे दुखतं का, इथे दुखतं का. काळ्यात काळ्या जागी त्यांनी दाभणावर सगळा भार टाकला. टोक जेमतेम रुतलं.

“कोण म्हणालं फळ्या गेल्या?”

“भावोजी म्हणाले.”

“त्याला म्हणावं, गेलेल्या फळीत दाभण लोण्यात गेल्यासारखं जातं. ही तुझ्या सासऱ्यासारखी आहे, वरून काळी, आतून खणखणीत. सूनबाई, छत उतरवायचं नाही.”

धाकटीला तिथेच खाली बसावंसं वाटलं. पण आत्याबाईंचं पुढचं वाक्य ऐकून ती ताठ झाली.

“दोष तुझ्या चादरींचा आहे.”

“माझ्या चादरींचा?”

“ओल्या चादरींतलं पाणी जातं कुठे? हवेत. गरम ओली हवा वर चढते, थंडगार फळीला टेकते, आणि तिथेच तिचं पाणी होतं. लाकूड ओलं राहिलं की ही बया आलीच. तू धुतलंस ब्लीचने? वरचा रंग उडाला, आणि त्यातलं पाणी लाकूड प्यालं. म्हणजे शत्रूला पोटभर जेवू घातलंस.”

“सासऱ्यांच्या वेळेपासून इथे कपडे वाळतायत, आत्याबाई. तेव्हा नाही आली ती बुरशी?”

हा प्रश्न आत्याबाईंना आवडला नाही, पण पटला. त्यांनी ओठ मुडपले. मग ओणव्या होऊन त्या माळ्याच्या कडेला गेल्या, जिथे छत उतरत उतरत भिंतीला भेटतं. वळचणीला तिथे त्यांच्या भावाने मुद्दाम हातभर लांबीच्या फटी ठेवल्या होत्या. खालून वारा शिरावा, फळ्यांच्या पोटाखालून वर जावा, दोन्ही बाजूंच्या टोकाशी ठेवलेल्या झरोक्यांतून निघून जावा, अशी ती व्यवस्था. आत्याबाईंनी फटीत हात घातला. हात आत गेला नाही. काहीतरी मऊ लागलं. त्यांनी ते ओढलं.

पँट निघाली. कडक इस्त्रीची, चौपदरी घडी घातलेली.

तिच्यामागून शर्ट निघाला, कॉलरमध्ये पुठ्ठ्यासकट. मग एक बिनबाह्यांचा स्वेटर. मग कुणाचातरी साखरपुड्याचा असावा असा जरीच्या काठांचा कोट, त्याची तर घडी अशी की दुकानात मांडावा.

“अगं, ही वळचण आहे की कपाट?” आत्याबाई म्हणाल्या.

घडीला वर बोलावलं. तो आला, कपडे बघितले, आणि लाजला. “हे लोकांनी टाकून दिलेले, आत्या. धुवायला देतात आणि न्यायलाच येत नाहीत. किती वर्षं सांभाळायचे? हॉटेलचं काम आलं तेव्हा ही म्हणाली, फटींतून कबुतरांची पिसं येतात, पांढऱ्या चादरींवर बसतात. म्हणून मी फटी बुजवल्या.”

“इस्त्री करून?”

“चुरगळलेले कपडे मी कुठेच ठेवत नाही.”

आत्याबाई एवढ्या हसल्या की वासे हलले. धाकटीलाही हसू आलं, पण अर्धंच. पिसांबद्दल कुरकुर तर तिनेच केली होती.

मग काम सुरू झालं. फटी मोकळ्या झाल्या. घडीने कबुतरं अडवायला बारीक जाळी लावली, तीसुद्धा कडा दुमडून. चादरी काही दिवस मागच्या पडवीत वाळत घालायचं ठरलं. आणि आत्याबाईंनी तिघांच्या नाकातोंडावर फडकी बांधून बुरशी उतरवायला घेतली. झडपेवर आधी ओली चादर ताणून लावली. “खाली एक कण जाता कामा नये. आणि कोरडी घासायची नाही, कुणी ब्रश उचलला तर हात तोडीन. कोरडी बुरशी घासणं म्हणजे घरभर पेरणी करणं.” सोड्याच्या आणि साबणाच्या पाण्यात कापड बुडवायचं, घट्ट पिळायचं, फळीच्या रेषेने एकदा पुसायचं, आणि ते कापड लगेच उकळत्या बादलीत. तेच कापड दुसऱ्यांदा फळीला लावायचं नाही. कापडांची या घरात वानवा नव्हती. सगळं पुसून झाल्यावर ओल्या फळ्या ब्रशने घासल्या, पुन्हा पुसल्या, पंखे लावून कोरड्या ठणठणीत केल्या, आणि शेवटी टाकणखाराचं पाणी हलकं फिरवून तसंच सुकू दिलं. “हे धुवायचं नाही. हा पहारेकरी.”

धाकटी नखाने एक करडा डाग खरवडत होती. “हे राहिलंय.”

“ते राहू दे.”

“डाग आहे.”

“सूनबाई, डाग वेगळा आणि बुरशी वेगळी. जी होती ती मेली. ही तिची सावली. लाकडाला थोडं लाकूड राहू दे, त्याची चादर करू नकोस.”

धाकटीने हात मागे घेतला, पण खाली उतरताना तिने त्या डागाकडे वळून पाहिलंच.

आठवडा गेला असेल नसेल. धाकटी वर गेली तर माळ्याच्या मधोमध, आढ्याखाली, मिरी सांडलेली.

बातमी थोरल्यांनीच पाववाल्याच्या घरी पोचवली. जरा मिश्किलपणे. “काय आत्या, सापडली का वाफ? कुठून जाते म्हणे?” आत्याबाईंना हे लागलं. आयुष्यात त्यांनी पुष्कळ टोमणे ऐकले होते, पण स्वतःचंच वाक्य कुणी आपल्या अंगावर फेकावं हे पहिल्यांदा घडत होतं. नवऱ्याला झोपेतून उठवून त्यांनी सांगितलं, “माझं नाक फसलं.” नवरा म्हणाला, “वय झालं,” आणि कूस बदलली. त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

सकाळी त्या लाँड्रीत आल्या तेव्हा थंडी चांगलीच पडली होती. तोंडातून वाफ निघत होती. आत बॉयलर तापला होता, घडी वाफेच्या प्रेसवर हॉटेलचे टॉवेल दाबत होता, आणि फुस्स फुस्स आवाजाने सगळी खोली भरली होती. आत्याबाई वर गेल्या. चादरी नव्हत्या, वळचणीतून वारा येत होता, पायांना लागत होता. तरीही मधोमध खिळ्यांच्या टोकांना थेंब लटकत होते, एकेका टोकाला एकेक, ओळीने, दिवे लावल्यासारखे. ते सुंदर दिसत होते. आत्याबाईंना त्यांचा भयंकर राग आला.

थेंबांच्या ओळीच्या मधोमध एक लाकडी खांब होता. खरं तर खांब नव्हे. प्रेस बसवलं तेव्हा त्याची वाफ बाहेर जावी म्हणून पत्र्याचं नळकांडं वर नेलं होतं, आणि थोरल्यांनी त्याला फळ्यांचं आवरण घालून आढ्यापर्यंत बंद केलं होतं. छान दिसत होतं.

“याचं तोंड?” आत्याबाईंनी खाली ओरडून विचारलं.

“छताबाहेर,” घडी खालून ओरडला. “दादाने केलंय ते.”

आत्याबाई खाली आल्या, धाकटीचा हात धरला आणि तिला रस्त्यावर नेलं. पलीकडच्या फुटपाथवर उभं केलं. “दाखव.”

“काय दाखवू?”

“वाफ कुठून जाते ते.”

धाकटीने वर बघितलं. सकाळ निळी होती. शेजारच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. त्याच्या पलीकडच्या घराच्या न्हाणीघराच्या पाइपातून वाफेची शेपटी हलत होती. गल्लीतलं एकेक घर थंडीत श्वास सोडत होतं. आणि मध्ये, गल्लीतलं सगळ्यात जास्त वाफ करणारं घर, तिचं घर, तोंड मिटून बसलं होतं. कौलांवर धुक्याचा एक धागा नव्हता. रोज ती या रस्त्याने हॉटेलात जात होती, रोज परत येत होती, आणि एकदाही तिने आपल्या छताकडे मान वर करून बघितलं नव्हतं.

“आत्याबाई,” ती हळूच म्हणाली, “भोकच नाही.”

“भोकच नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “चादरींचं नाव घेतलं मी, ते मागे घेते. पँटचं मात्र घेत नाही.”

थोरल्यांना निरोप गेला. ते आले, दारातच धाकटीचा चेहरा बघितला, आणि त्यांना सगळं कळलं. धाकटीच्या मनात तोवर पुष्कळ शब्द जमा झाले होते. परत आलेला गठ्ठा, ब्लीचने भाजलेली बोटं, झोप उडालेल्या रात्री, सगळ्याची तिने मनातल्या मनात घडी घालून ठेवली होती. पण आत्याबाईंनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि थोरल्यांना म्हणाल्या, “चल वर. तू आणि मी. तुम्ही दोघं कपडे मोजा.”

कपडे कुणी मोजले नाहीत. धाकटी शिडीच्या पायथ्याशी उभी राहिली. वरचं बोलणं झडपेतून खाली येत होतं.

“उघड तो खांब.”

फळी उचकटल्याचा आवाज. मग भस्सकन वाफ सुटल्याचा आवाज.

“कशाला रे असं केलंस?”

मग थोरल्यांचा आवाज, एवढ्या मोठ्या मिशांखालून इतका बारीक निघेल असं धाकटीला कधी वाटलं नव्हतं. “छताला भोक पाडायचं म्हणजे गळायची भीती, आत्या. मी गावभर सांगत फिरतो. एकदा भोक पाडलं आणि थेंब आला तर? म्हटलं, वाफच तर आहे, कौलांच्या फटींतून जाईल निघून. वळचण मोकळी होती तोवर जातही असेल थोडीफार. हा पँटा कोंबून ठेवेल हे मला काय माहीत!”

“आणि काळं पडल्यावर?”

“काळं पडल्यावर कळलं मला. लगेच कळलं.”

“म्हणून सबंध छत नवीन घालून देणार होतास. आपल्या लाकडाने. नव्या छतात गुपचूप भोक.”

धाकटी खाली उभी राहून विचार करत होती. एक वाक्य बोलण्यापेक्षा या माणसाला अख्खं छत उतरवणं सोपं वाटलं होतं. तिचा राग कुठे गेला ते तिला कळलं नाही. कदाचित तिला ती पिसं आठवली. फटी बुजवायला नवऱ्याला कुणी लावलं होतं तेही आठवलं.

“खाली त्यांना काय सांगू?” थोरल्यांनी विचारलं.

“काही सांगू नकोस. करवत आण.”

धाकटीने वर बघून हाक मारली, “भावोजी, कपड्यांवर खुणा करायचा खडू देऊ का? गोल आखायला?”

झडपेतून थोरल्यांचा हात खाली आला. “दे.”

ऊन कौलांवर आलं तेव्हा थोरले आढ्याजवळ स्वार होऊन बसले होते. कौलं बाजूला काढली, आत्याबाईंनी आतून खिळा ठोकून मध्य दाखवला. करवत लावली आणि थांबले. वडिलांच्या हातच्या फळ्या. खालून आत्याबाईंचा आवाज आला, “अरे, माझा भाऊ असता तर त्यानेच पाडलं असतं आणि तुझ्या कानाखाली एक दिली असती. काप!” त्यांनी कापलं. नळकांड्याला वर टोपी बसवली, भोवती शिशाचा पत्रा कौलांखाली नीट सारला, असा की पाऊस आला तर वरून येऊन वरूनच जाईल. आतून जोड घट्ट केला. मग घडीने खाली प्रेसचा दांडा ओढला.

आधी काहीच नाही. मग टोपीखालून एक खोकला आला, आणि पांढरी, भरगच्च वाफ सरळ वर गेली. गल्लीत दोन बायका थांबल्या. सायकलवाल्याने पाय टेकला. “लागली काय आग?” कुणीतरी विचारलं.

“नाही हो,” धाकटी म्हणाली, “घराने तोंड उघडलं.”

घडी अंगणात येऊन वर बघत होता. त्याला आता सगळं समजलं होतं आणि सोडणारा तो नव्हता. “दादा! मग मिशीचं काय?”

थोरल्यांनी मिशीवर हात ठेवला. लाँड्रीपुढे जमलेली माणसं वर बघायला लागली.

“त्याने काय म्हटलं होतं?” आत्याबाई दारात येऊन, फडकं सोडत म्हणाल्या. “छतातून थेंब आत आला तर. आला का छतातून? एकही नाही. हे सगळं पाणी घरातलंच वर गेलेलं. छत आपलं खरं बोललं. मिशी राहू दे. तिच्याखाली काय आहे ते मी लहानपणी बघितलंय, ते झाकलेलंच बरं.”

माणसं हसली, थोरले हसले, आणि आढ्यावरून पडता पडता वाचले.

मधली बुरशी पुन्हा एकदा पुसली. या वेळी धाकटीने स्वतः, ओल्या कापडाने, फळीच्या रेषेने, आणि करडी सावली उरली तिथे थांबली. मग गारठलेल्या सकाळी ती खिळ्यांची टोकं बघायला जायला लागली. बोट लावायची. कोरडं. पुन्हा बघायची. कोरडं. तेव्हा कुठे तिने माळ्यावर एक चादर टाकली, एकच, आणि ती वाळल्यावर हॉटेलच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली.

मॅनेजरबाईंनी ती उचलली, नाकाशी नेली. धाकटीने श्वास धरून ठेवला. बाईंनी चादर कपाटात ठेवली आणि फोनवर कुणाशीतरी पडद्यांबद्दल बोलायला लागल्या. एवढंच. बोलता बोलता त्यांनी दुसऱ्या हाताने मळक्या कपड्यांचा नवा गठ्ठा पुढे सरकवला.

त्याच दुपारी आत्याबाई शेवटचं दाभण टोचून बघायला आल्या होत्या. फळ्या कोरड्या होत्या. धाकटीने गठ्ठ्याचं सांगितलं तेव्हा त्या फक्त “हं” म्हणाल्या. मग खाली उतरल्या. घडीने त्यांना वळचणीतून निघालेला तो जरीचा कोट दिला, नवीन घडी घालून. “काकांना होईल.”

“तुझ्या काकांना? भट्टीपुढे वाळलेल्या त्यांच्या पोटाला याची एक बाही पुरेल.” पण त्यांनी तो पिशवीत ठेवला, दाभणावर.

धाकटी पुन्हा वर गेली होती, दोऱ्या ताणायला. झरोक्यातून तिला रस्ता दिसत होता. आत्याबाई रस्त्याच्या मधून चालल्या होत्या, दोन्ही बाजूंना डुलत, पिशवी एका हातात. एका घरापुढे त्या थांबल्या. मान वर केली, नाकपुड्या फुगवल्या. त्या घरातल्या बाईने खिडकीतून डोकं काढलं आणि घाबरून आत घेतलं. आत्याबाई पुढे निघाल्या. पुढच्या घरापाशी पुन्हा थांबल्या, पुन्हा वर बघितलं, मग समाधानाने मान हलवून वळणावरून दिसेनाशा झाल्या.

छतावर थोरले एक कौल सारखं करत बसले होते, जे मुळात सरळच होतं. तेही तिकडेच बघत होते. त्यांच्या शेजारून वाफ वर चालली होती.